मोडलेल्या पिनेचा तुकडा काय सांगतो?

जॉन ब्राउनिंग याने आराखडा केलेले कोल्ट वुड्समन हे अमेरिकी पिस्तूल १९१५ ते १९७७ या काळात तयार होत होते. ते ०.२२ इंची काडतूस वापरते. या काडतुसात आघाताने पेटणारे रसायन बुडाच्या मध्यभागी नसते, तर बुडाच्या पोकळ कडेत भरलेले असते. घोड्याचा फटका बसला की फायरिंग पिन पुढे येऊन ही कड चेंबरच्या काठावर चिमटते आणि रसायन पेटते. काडतूस नसताना चाप ओढला आणि पिनेची धाव रोखणारी सोय झिजलेली असली, तर पोलाद पोलादावरच आपटते.

अशा पिस्तुलांची पिन एखाद्या दिवशी मोडते. ‘लोखंड जुने होऊन त्याचे स्फटिक झाले’ असे स्पष्टीकरण आजही ऐकू येते. ते चूक आहे, कारण पोलाद पहिल्या दिवसापासून स्फटिकमयच असते. खरे कारण शिणवटा. आगगाडीच्या आसांवर प्रयोग करून ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने एकोणिसाव्या शतकातच दाखवले होते, की एका वेळी सहज पेलणारा भार हजारो वेळा दिला तर धातू तुटू शकतो. पिन जिथे एकदम बारीक होते त्या काटकोनी कोपऱ्यात प्रतिबल एकवटते, तिथे सूक्ष्म तडा जातो आणि तो फटक्यागणिक वाढतो.

म्हणून मोडका तुकडा फेकू नये. भिंगातून पाहिल्यास शिणवट्याचा भाग बहुधा गुळगुळीत असतो, कधी त्यावर ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा वक्र रेषा असतात. शेवटी तुटलेला भाग खडबडीत, दाणेदार दिसतो. सगळाच पृष्ठभाग दाणेदार असेल तर पिन मुळातच जास्त कडक, ठिसूळ होती अशी शंका घ्यावी.

तुटलेले टोक पुढे अडकून राहिले तर धोका मोठा. स्लाइड मिटतानाच, चाप न ओढता, काडतूस उडू शकते.

तुकडे वेल्डिंगने जोडणे हा उपाय नव्हे. त्या उष्णतेने पोलादाला दिलेले पाणी उतरते. नवी पिन करावी लागते, आणि हुबेहूब जुन्यासारखी केली तर तीही तिथेच मोडेल. कोपऱ्याला थोडी गोलाई हवी, कानशीचे ओरखडे घासून काढलेले हवेत. पिन फार कडक असली तर ती स्वतः तरी तडकते किंवा चेंबरचा काठ तरी दाबते. काठाला खड्डा पडला की पिनेपेक्षा महाग असलेली नळीच बिघडते. विळ्याला पाणी देणाऱ्या लोहारापुढेही हाच पेच असतो: लालभडक पोलाद बुडवून ते कडक करायचे, मग पुन्हा बेताचे तापवून ठिसूळपणा घालवायचा. सुमारे २२० ते २३० अंश सेल्सिअसला पृष्ठभाग गवती पिवळा होतो, ३०० च्या आसपास निळा. हा रंग ऑक्साइडच्या पातळ थरातील प्रकाशाच्या व्यतिकरणाचा, साबणाच्या फुग्यावर दिसतो तसाच.

उष्णोपचाराला किती महत्त्व आहे हे कोल्टलाही ठरवावे लागले. अधिक वेगाची काडतुसे आल्यावर १९३२ मध्ये, स्लाइडचा धक्का झेलणारे मुठीमागचे स्प्रिंगचे घर कडक केलेल्या पोलादाचे करण्यात आले. आधीच्या घरावर चौकटीची नक्षी असे, नव्यावर आडव्या रेषा आल्या.

भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीची दुरुस्तीही परवान्याशिवाय करता येत नाही. वर्गात मात्र करवतीच्या जुन्या पात्याचा तुकडा पुरतो. तो घासून चकचकीत करा, चिमट्यात धरून एक टोक स्पिरिटच्या दिव्यावर ठेवा आणि पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा हे पट्टे ज्योतीपासून दूर सरकताना विद्यार्थ्यांना पाहू द्या. गार झाल्यावर, डोळ्यांना चष्मा लावून, तापलेले आणि न तापलेले टोक पकडीने वाकवून पाहा.