पाऊण इंच

जुनं घर बघायला आलेली माणसं खाली बघतात. फरशी कुठली, ओटा कडाप्प्याचा की ग्रॅनाइटचा, न्हाणीतल्या टाइल्स कुठपर्यंत गेल्यात. मिस्त्री दारातून आत येतो तो वर बघत.

साकीनाका मेट्रो स्टेशनवरून खैरानी रोडच्या दिशेनं चालत गेलं की गाळे, वेल्डिंगची दुकानं आणि टेम्पोंच्या गर्दीमागे काही जुन्या तीन मजली सोसायट्या आहेत. त्यातल्याच एकीत माझ्या मावसभावानं घर घेतलं. दुसरा मजला, लिफ्ट नाही, वन बीएचके, 390 चौरस फूट कार्पेट. इमारत 1981 ची. दलालानं दाखवलं तेव्हा घर देखणं होतं: पीओपीचं फॉल्स सीलिंग, त्यात लपवलेले दिवे, ताजा रंग. कामाच्या पहिल्या दिवशी वहिनी टाइल्सची पुस्तकं काढून बसली होती. मिस्त्रींनी ती उघडलीच नाहीत. म्हणाले, "ताई, आधी हे वरचं उतरवा. त्याच्या मागं काय आहे ते बघितल्याशिवाय मी थापीला हात लावणार नाही." वहिनीनं हे मला फोनवर सांगितलं. गिऱ्हाईक पैसे द्यायला तयार असताना काम नाकारणारा माणूस बघावा म्हणून मी गेले.

कागदपत्रांचं तोवर उरकलं होतं. करारांची साखळी, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचा ना हरकत दाखला, मुद्रांक शुल्क, नोंदणीचे तीस हजार. हस्तांतरण शुल्क सोसायटीला पंचवीस हजारांवर घेता येत नाही, हेही भावाला ठाऊक होतं. वकिलानं साखळीतली प्रत्येक कडी तपासली. स्लॅब मात्र कोणीच तपासला नव्हता. कर्ज देणाऱ्या बँकेकडून मूल्यांकनाला आलेला माणूसही खोल्यांची मापं आणि फोटो घेऊन गेला होता.

सीलिंगचे तुकडे उतरायला लागले तसा आधी वास आला. ओला चुना, गंज, अनेक पावसाळे आत कोंडून राहिलेली हवा. खैरानी रोडवर रसायनांच्या आणि जळक्या तेलाच्या वासाची नाकाला सवय होते, पण हा वास त्यातूनही वेगळा ओळखू येत होता. नंतर आजतागायत मी कुठल्याही जुन्या घरात शिरले की नाक आपोआप तोच शोधतं.

मग मिस्त्री घोड्यावर चढले. हातात छोटी हातोडी. दर वितीवर एक ठोका. ठण, ठण, ठण, आणि मधेच बद्द. बद्द वाजलं की खडूनं खूण. बोलणं नाही. खाली बिगारी पंखा बंद करून उभा, कारण पंख्याच्या आवाजात फरक कळत नाही. बाहेर रिक्षांचे हॉर्न, वर विमानं. विमान गेलं की ते थांबायचे, आवाज पूर्ण विरला की पुढचा ठोका. तासाभरात बेडरूमच्या छताचा जवळजवळ अर्धा भाग खडूच्या वेढ्यात गेला. मला ते छत बघवेना, आणि मिस्त्रींच्या चेहऱ्यावरून नजरही हटेना. इतकं लक्ष देऊन ऐकणारा माणूस मी दवाखान्यातही क्वचित पाहिला आहे.

छिन्नी लावताच गिलावा लादीएवढ्या तुकड्यांनी खाली आला आणि आतली सळई दिसली. पिळाची जुनी टॉर सळई, खारी बिस्किटासारखे पापुद्रे सुटलेली. मिस्त्रींनी तारेच्या ब्रशनं ती घासली आणि बोटानं माप घेतलं. "तीन सुताची होती. दोन सूत राहिली." मग सळईच्या खाली काँक्रीट किती होतं ते त्यांनी पडलेल्या तुकड्यावरच दाखवलं. करंगळीच्या नखाइतकं. "इथं पाऊण इंच पाहिजे होतं. सगळा खेळ पाऊण इंचाचा आहे ताई."

हा पाऊण इंच म्हणजे कव्हर. सळईच्या खालचा काँक्रीटचा थर. ताज्या सिमेंटचा अल्कधर्मी गुण असतो तोवर त्यातलं लोखंड गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपत जातो आणि तो गुण मारत जातो. थर जितका जाड, तितकी त्याला सळईपर्यंत पोचायला जास्त वर्षं लागतात. वरून न्हाणीचं पाणी झिरपत असेल तर गंजाचं काम आणखी सोपं. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडाहून कितीतरी जास्त जागा मागतं. ती जागा आत नसते, म्हणून काँक्रीट फुगतं, सुटतं आणि बद्द वाजतं. 1978 च्या भारतीय मानकात स्लॅबला किमान 15 मिलिमीटर कव्हर सांगितलं होतं. मिस्त्रींनी ते मानक वाचलेलं नाही. त्यांचा पाऊण इंच त्याहूनही थोडा जास्त भरतो.

1981 हे सालही विसरून चालणार नाही. सिमेंट तेव्हा नियंत्रणाखाली होतं. परमिटवर मिळायचं, काळ्या बाजारात दामदुपटीनं विकलं जायचं. सिमेंटच्या वाटपावरूनच उच्च न्यायालयानं ठपका ठेवला आणि जानेवारी 1982 मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांना जावं लागलं. त्यानंतर लगेच फेब्रुवारीत सरकारनं नियंत्रण अंशतः उठवलं. ज्या वर्षांत गोणीगोणीसाठी रांगा होत्या, त्या वर्षांत उपनगरात भराभर उभ्या राहिलेल्या इमारतींचं वय आज चाळिशीच्या पुढे आहे. त्यात खाडीची रेती न धुता वापरली गेली असेल तर मीठही आतच राहिलं. मिस्त्रींचे वडील बहात्तरच्या दुष्काळात जालन्याकडून मुंबईला आले आणि अशाच इमारतींवर घमेली वाहत राहिले. "सळईखाली खडीचा तुकडा सारायचा, म्हणजे ती वर राहते. बाप सांगायचा, मुकादम घाई करायचा, खडी सारायची राहून जायची." त्यांच्या बोलण्यात बापाबद्दल राग नव्हता, मुकादमाबद्दलही नव्हता. राग मला येत होता. बारा घरांतल्या माणसांच्या डोक्यावरचा थर कुणाच्या तरी घाईत राहून गेला होता, आणि चाळीस वर्षांनी त्याच्यावर पीओपी चढवून तो विकला गेला होता.

गळतीचा उगम शोधणं हे वेगळं काम. वरच्या मजल्यावरचे काका आधी दार अर्धवटच उघडून उभे राहिले. मिस्त्रींनी चपला बाहेर काढल्या, पाणी मागून प्यायले, गावाकडची चौकशी केली, मग म्हणाले, "काका, तुमचा खर्च वाढवायला नाही आलो. फक्त पाणी कोंडून बघू." नहाणी ट्रॅपमध्ये बोळा घालून न्हाणीत चार बोटं पाणी भरलं आणि त्यात नीळ टाकली. दुसऱ्या दिवशी खाली खडूच्या एका वेढ्याच्या मधोमध निळसर ओल दिसली. काकांनी स्वतः जिना उतरून येऊन ती पाहिली आणि त्यानंतर एका शब्दानं वाद घातला नाही. अशा न्हाण्यांखाली विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. त्यातून एकदा पाणी उतरायला लागलं की वरून टाइलच्या फटी भरून काहीच साधत नाही, कोबा उखडून नवा घालावा लागतो.

खर्च कुणाचा यावर सोसायट्यांमध्ये आयुष्यभराची भांडणं होतात. आदर्श उपविधी बरेच स्पष्ट आहेत: छताची संरचनात्मक दुरुस्ती आणि पावसाची गळती सोसायटीकडे, न्हाणीची आणि सिंकची गळती ज्याच्या घरातून होते त्याच्याकडे. तीस वर्षांवरच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी महापालिका अधिनियमाच्या कलम 353 ब नुसार बंधनकारक आहे. इथे ती लांबणीवर पडली होती. कारण एकच, पुनर्विकास. बिल्डर येणार, नवी इमारत होणार, मग या जुन्या स्लॅबला पैसे कशाला? विमानतळ जवळ असल्यामुळे इमारत किती उंच नेता येईल याची परवानगी वेगळी, अभिहस्तांतरणाचे कागद वेगळे, प्रत्येक सभासदाचं मन वेगळं. वर्षं जातात आणि सळई तोवर गंजत राहते.

सचिवांनी वहिनीला नेमकं हेच विचारलं. ती म्हणाली, "पुनर्विकास होईल तेव्हा होईल. माझी पोरं आज रात्री या छताखाली झोपणार आहेत."

मी पूर्णपणे तिच्या बाजूची आहे. 25 जुलै 2017 ला घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली सिद्धी साई इमारत कोसळली आणि 17 माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चाललं होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचं रहिवासी सांगत होते. साकीनाक्याहून ती जागा फार लांब नाही. म्हणून घर "नवं करणं" हे शब्द ऐकले की मला आता धडधडतं. भिंत पाडून हॉल मोठा करायचा, ओटा सरकवायचा, गॅलरी आत घ्यायची, हे सगळे जण हौसेनं सांगतात. भावालाही बेडरूम आणि हॉलमधली भिंत काढायची होती. मिस्त्री म्हणाले, इंजिनिअरचा कागद आणा. इंजिनिअर आला, त्यानं भिंतीवरचा बीम पाहिला आणि भिंत जागेवर राहिली.

दुरुस्तीला टाइल्सपेक्षा जास्त दिवस गेले आणि त्यात दाखवण्यासारखं काही नव्हतं. छताला लोखंडी जॅकचे टेकू दिले. सुटं काँक्रीट उतरवलं. सळया चकचकीत होईस्तोवर घासल्या, जिथे फारच झिजल्या होत्या तिथे शेजारी नव्या जोडल्या, गंजरोधक लेप दिला, मग पॉलिमर मिसळलेला माल पातळ पातळ थरांनी चढवला. प्रत्येक थरानंतर मिस्त्री सळईखाली पट्टी धरायचे. पाऊण इंच भरला की मान हलवायचे. पूर्ण छत संपल्यावर पुन्हा घोड्यावर चढले, पुन्हा पंखा बंद, पुन्हा ठण, ठण. एका कोपऱ्यात आवाज थोडा हलका आला. तो भाग त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या खर्चानं फोडून परत भरला. कुणाच्याही ते लक्षात आलं नसतं.

फॉल्स सीलिंग पुन्हा लावलं नाही. टाइल्सचं बजेट निम्म्यावर आलं, न्हाणीत साध्या पांढऱ्या बसवल्या, ओट्याचा जुना कडाप्पा घासून तसाच ठेवला.

सोसायटीच्या सभेत आता तपासणीचा ठराव झाला आहे आणि महापालिकेच्या यादीतल्या अभियंत्याचं दरपत्रक आलं आहे. तो येईपर्यंत ज्यांना हवं त्यांची छतं ठोकून बघायला मिस्त्री रविवारी येतात. बारापैकी सात घरांनी दार उघडलं. उरलेल्या पाचांपैकी तीन घरांत फॉल्स सीलिंग आहे, आणि ते काढायचं की नाही यावर तिथे अजून बोलणी चालू आहेत.