कापसाच्या रानातलं घर क्रमांक २६६

जॉनी कॅश ज्या तळ्याकाठच्या घरात सुमारे पस्तीस वर्षं राहिला, ते टेनेसीतल्या हेंडरसनव्हिलचं घर आता नाही. २००३ मध्ये तो गेला, घर विकलं गेलं आणि २००७ च्या एप्रिलमध्ये, नव्या मालकाचं दुरुस्तीचं काम चालू असतानाच, ते जळून खाक झालं. नॅशव्हिलला त्याच्या नावाचं संग्रहालय आहे. तिथे गिटारी आहेत, काळे कोट आहेत, सोनेरी तबकड्या आहेत. पण कंट्री संगीतातला हा खर्जातला आवाज कुठून आला ते पाहायचं असेल, तर आर्कन्सॉ राज्यातल्या डायस नावाच्या खेड्यात जावं लागतं.

मेम्फिसहून हा तासाभराचा रस्ता आहे. मिसिसिपी ओलांडली की जमीन एकदम सपाट होते. टेकडी नाही, चढ नाही. दोन्ही बाजूंना कापूस, सोयाबीन आणि मधूनच भात. १८११-१२ च्या मोठ्या भूकंपांत या भागातली जमीन खचली आणि पुढे शंभर वर्षं इथे दलदल आणि जंगल राहिलं. महामंदीत अमेरिकेतला शेतकरी देशोधडीला लागला, तेव्हा रूझवेल्ट सरकारने १९३४ मध्ये यातली सुमारे १६,००० एकर जमीन वसाहतीसाठी घेतली. पाचशेच्या आसपास कुटुंबं निवडली. प्रत्येकाला वीस ते चाळीस एकर, नवं घर आणि एक खेचर. पैसे पिकातून फेडायचे. गाडीच्या चाकासारखी आखणी, मध्ये कचेरी, दवाखाना, दुकानं आणि आऱ्यांसारखे फुटलेले रस्ते. एलिनॉर रूझवेल्ट १९३६ मध्ये स्वतः वसाहत पाहून गेल्या. एक गोष्ट मात्र इथे येणाऱ्याने लक्षात ठेवायला हवी: ही योजना फक्त गोऱ्यांसाठी होती. याच मुलखात दुसऱ्यांच्या शेतात वाट्याने राबणाऱ्या काळ्या कुटुंबांना तिथे जागा नव्हती.

कॅश कुटुंब १९३५ च्या मार्चमध्ये आलं. रे आणि कॅरी, त्यांची मुलं, आणि त्यांतला तीन वर्षांचा जे. आर. हो, आईबापांनी नावाच्या जागी नुसती आद्याक्षरंच ठेवली होती. पुढे हवाई दलाला आद्याक्षरं चालेनात, म्हणून तो कागदोपत्री जॉन झाला. त्यांच्या वाट्याला रस्ता क्रमांक तीनवरचं घर आलं, क्रमांक २६६, आणि वीस एकर. शेत कसलं, ते रानच होतं. आधी झाडं तोडायची, मग नांगर.

तिकीट गावात मिळतं. जुन्या कचेरीत वसाहतीचं छोटं प्रदर्शन आहे आणि गावातून छोट्या बसने घराकडे नेतात. घर लांबून दिसतं, कारण आजूबाजूला दुसरं काही नाही. पांढऱ्या फळ्या, पुढे पडवी, दोन झोपायच्या खोल्या, बसायची खोली, जेवायची खोली आणि स्वयंपाकघर. आई-वडील आणि सात मुलं एवढ्यात राहिली. आपण पाहुणे चारपाच जण आत उभे राहिलो तरी खोली भरते.

आर्कन्सॉ स्टेट विद्यापीठाने हे घर २०११ मध्ये विकत घेतलं तेव्हा ते एका बाजूला बसलं होतं. इथल्या चिकट मातीला लोक ‘गम्बो’ म्हणतात. ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, त्यामुळे कुठलाच पाया फार काळ सरळ राहत नाही. आमच्या यवतमाळकडे काळ्या रानात घर बांधणाऱ्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. पाया नव्याने घातला गेला, घर सरळ केलं गेलं आणि मगच आतल्या कामाला हात लागला. त्यासाठी पैसा उभा राहिला तो बराचसा गाण्यांच्या कार्यक्रमांतून. त्यांत कॅशची मुलगी रोझॅन गायली, त्याचे जुने मित्र गायले. जे. आर.ची धाकटी भावंडं जोअॅन आणि टॉमी यांनी कुठे काय होतं ते आठवून सांगितलं आणि त्याप्रमाणे सामान लागलं. २०१४ मध्ये घर लोकांसाठी उघडलं.

घर दाखवणाऱ्या बाई मध्यमवयीन होत्या आणि त्यांना गाण्यांपेक्षा घराचाच जास्त अभिमान होता. भिंतींवरून हात फिरवत त्या बोलत होत्या. आत आल्यावर छोट्या जे. आर.ला पहिली आठवण राहिली ती रिकाम्या घरात ठेवलेल्या रंगाच्या पाच डब्यांची, हे त्यांनी सांगितलं तेव्हा खोलीतले सगळे नकळत जमिनीकडे पाहू लागले. भाड्याच्या खोपटात राहून आलेल्या माणसांना ताज्या रंगाचं घर म्हणजे काय वाटलं असेल! नळ नव्हता, वीज नव्हती, संडास मागे परसात. तरीही.

बाई सगळ्यांत जास्त बोलल्या त्या जॅकबद्दल, आणि माझंही मन तिथेच अडकलं. जॅक हा जे. आर.हून दोनेक वर्षांनी मोठा. बायबल वाचणारा, प्रवचनकार व्हायचं ठरवलेला, धाकट्याचा आधार. १९४४ च्या मे महिन्यातल्या एका शनिवारी जे. आर. मासे धरायला निघाला. जॅक शाळेच्या कारखान्यात कुंपणाचे खांब कापायला गेला, कारण दिवसाचे तीन डॉलर घरात हवे होते. चक्री करवतीने त्याचं पोट फाडलं. आठवडाभर तो झुंजला आणि गेला. चौदा वर्षांचा होता. अंत्यविधीच्या दिवशी बारा वर्षांचा जे. आर. पहाटे जाऊन कबर खणणाऱ्यांना मदत करत होता आणि तसाच मातीने भरलेला उभा राहिला, असं घरचे सांगत. दुसऱ्या दिवशी सगळं कुटुंब पुन्हा कापसाच्या रानात होतं. आई खुरपताना गुडघ्यांवर कोसळायची, पुन्हा उठायची. कॅशच्या गाण्यांत मरण आणि अपराधी मन इतक्या वेळा का येतं, याची उत्तरं समीक्षक पुस्तकांत शोधतात. मला ती त्या मुलांच्या खोलीत उभं राहिल्यावर पुरेशी कळली.

कापूस त्या घराच्या सगळ्या कहाण्यांत आहे. पाच वर्षांचा असताना जे. आर. रानात पाणी पोचवायचा, आठव्या वर्षी वेचायला लागला. पाठीमागे लांब गोणपाटी पिशवी ओढत ओळीतून जायचं, सुकलेल्या बोंडांची टोकं बोटांत घुसायची. आमच्याकडच्या वेचणाऱ्या बायांची बोटं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे चित्र परकं नाही. रानात गायची ती भजनं आणि रात्री बॅटरीच्या रेडिओवर ऐकायचं ते मेम्फिसचं गाणं. १९३७ च्या पुराने या कुटुंबाला घर सोडायला लावलं आणि त्यावर त्याने १९५९ मध्ये गाणं केलं.

आई कॅरीने मुलाचा गळा ओळखला होता. दुसऱ्यांचे कपडे धुऊन तिने त्याच्या गाण्याच्या शिकवणीचे पैसे जमवले. शिकवणाऱ्या बाईंनी थोड्याच दिवसांत सांगितलं, हा आवाज कुणाला बदलू देऊ नकोस, शिकवणी बंद कर. हाताशी आलेली फी सोडून दिली त्या बाईंनी. बसायच्या खोलीतला पियानो पाहताना मला या दोघी बायका आठवत राहिल्या. रोझॅनने २०१४ साली काढलेल्या ‘द रिव्हर अँड द थ्रेड’ या संग्रहात आजीवर एक गाणं आहे. त्या संग्रहाला तीन ग्रॅमी मिळाली.

वसाहतीतली बहुतेक घरं मात्र गेली. यंत्र आलं तसा वेचणारा माणूस नको झाला, छोटी रानं मोठ्या शेतांत विरघळली आणि पोरं शहरांकडे निघून गेली. जे. आर. स्वतः १९५० मध्ये शाळा संपताच गेला आणि १९५५ मध्ये मेम्फिसच्या सन स्टुडिओत त्याची पहिली तबकडी निघाली. आज डायसची वस्ती चारशेच्या आत आहे. चहा-कॉफीला म्हणून बसावं अशी जागा मला गावात सापडली नाही. एका गायकाचं नाव लागलं म्हणून एक घर वाचलं. बाकीच्या जवळपास पाचशे घरांतही कुणी मूल गमावलं असेल, कुणी गळा. त्यांची दारं कुणी सरळ केली नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आपल्याकडचे पुष्कळ लोक मुलांकडे अमेरिकेत जातात आणि मेम्फिसला गेले तर एल्व्हिसचं ग्रेसलँड पाहून परततात. ते जरूर पाहावं. पण एक सकाळ डायससाठी राखून ठेवा. जाण्याआधी उघडण्याच्या वेळा तपासा, जेवण बरोबर घ्या आणि घर पाहून झालं की कचेरीतलं वसाहतीचं प्रदर्शन घाईत उरकू नका.