जुने बिनतारी संच आणि नवा संगणक

रुग्णवाहिका, अग्निशामक दल, टॅक्सी-सेवा, बंदरे, गिर्यारोहकांची पथके अशा अनेक ठिकाणी दुतर्फी बिनतारी संच वापरले जातात. बोलावयाचे असता कळ दाबावयाची व ऐकावयाचे असता ती सोडावयाची, एवढेच शिक्षण वापरणाऱ्यास पुरते. तीस वर्षांपूर्वी तयार झालेला असा संच आजही पुष्कळदा सुस्थितीत आढळतो. परंतु त्याची कंप्रता बदलण्याची वेळ आली म्हणजे मात्र तो निरुपयोगी ठरवून अडगळीत टाकला जातो. वस्तुतः बिघाड संचात नसतो; त्याच्याशी संवाद करू शकणारा संगणक तेवढा नाहीसा झालेला असतो. हा संवाद का तुटतो, आणि नव्या संगणकाच्या साहाय्याने तो पुन्हा कसा जुळविता येतो, हे आपण येथे पाहू.

स्फटिकाकडून संख्येकडे

प्रारंभीच्या संचांत कंप्रता ठरविण्याचे काम क्वार्ट्‌झ स्फटिकाची पातळ चकती करीत असे. चकतीच्या जाडीवर तिची कंपने अवलंबून असतात. प्रत्येक वाहिनीसाठी सामान्यतः दोन स्फटिक लागत, एक प्रेषणाचा व दुसरा ग्रहणाचा. नवी वाहिनी हवी असल्यास नवे स्फटिक घडवून आणावे लागत.

पुढे एकाच स्फटिकावरून अनेक कंप्रता निर्माण करण्याची युक्ती प्रचारात आली. संचातील आंदोलकाची कंप्रता त्यास दिलेल्या विद्युत् दाबानुसार कमीअधिक होते. तिला एका पूर्णांकाने भागून येणारी कंप्रता स्फटिकापासून मिळविलेल्या प्रमाण कंप्रतेशी सतत ताडून पाहिली जाते. दोहोंत फरक आढळल्यास दाब आपोआप बदलतो व आंदोलक पुन्हा ताळ्यावर येतो. समजा, प्रमाण कंप्रता ५ किलोहर्ट्‌झ आहे आणि आपणास १४५ मेगाहर्ट्‌झ, म्हणजेच १,४५,००० किलोहर्ट्‌झ हवे आहेत. मग भाजक २९,००० असला पाहिजे. भाजक २९,००५ केला की कंप्रता १४५.०२५ मेगाहर्ट्‌झ होते. अशा रीतीने जे काम पूर्वी स्फटिक बदलून होत असे, ते आता केवळ एक संख्या बदलून होऊ लागले.

संचाची स्मृती

ही संख्या कोठेतरी नोंदून ठेवावयास हवी. त्यासाठी संचात स्मृतीची एक चकती, म्हणजे चिप, बसविलेली असते. वीज बंद केली तरी तिच्यातील नोंदी पुसल्या जात नाहीत. नोंदी द्विमान पद्धतीत, केवळ १ व ० या अंकांनी केलेल्या असतात. या पद्धतीत २९,००० ही संख्या १११०००१०१००१००० अशी लिहिली जाते. कंप्रतेखेरीज एका वेळी किती काळ बोलता यावे ही मर्यादा, आपल्याच गटाचा संदेश ओळखण्यासाठी आवाजासोबत पाठविला जाणारा मंद स्वर, इत्यादी माहितीही तेथेच असते. काही संचांत तर कारखान्यात त्या विशिष्ट संचासाठी केलेल्या सूक्ष्म जुळणीचे आकडेही त्याच स्मृतीत असतात. ते पुसले गेल्यास दुसऱ्या संचातून उतरवून घेता येत नाहीत, कारण प्रत्येक संचाचे आकडे निराळे असतात.

या नोंदी वाचणे व बदलणे यांसच संचाचे ‘प्रोग्रॅमिंग’ म्हणतात. मोटोरोला कंपनीचा, १९९० च्या दशकात प्रचारात असलेला ‘जीएम ३००’ हा संच उदाहरणादाखल घेऊ. ध्वनिग्राहक म्हणजे मायक्रोफोन जेथे जोडतात, त्याच खोबणीतून संगणक त्याच्या स्मृतीपर्यंत पोहोचतो. यासाठी कंपनीने दिलेला प्रोग्रॅम त्या काळच्या डॉस प्रणालीवर चालत असे.

संवाद का तुटतो?

पहिली अडचण विद्युत् दाबाची. जुन्या संगणकाच्या क्रमवार खोबणीत, म्हणजे सीरियल पोर्टमध्ये, १ हा अंक ३ ते १५ व्होल्ट ऋण दाबाने आणि ० हा अंक तितक्याच धन दाबाने दर्शविला जाई. संचातील मंडले मात्र सामान्यतः ० व ५ व्होल्ट एवढेच दाब जाणतात. तेव्हा दोहोंच्या मध्ये दाब उतरविणारे व त्याची दिशा पालटणारे मंडल लागते. कंपनीची ‘रेडिओ इंटरफेस बॉक्स’ नावाची पेटी हेच काम करी. तिच्यावाचून थेट तारा जोडल्यास संचास इजा पोहोचू शकते.

दुसरी अडचण वेळेची आहे व ती अधिक उद्‌बोधक आहे. दर सेकंदास ९,६०० अंक या गतीने संदेश चालला असता एका अंकाच्या वाट्यास सुमारे १०४ मायक्रोसेकंद येतात. शिवाय प्रश्न व उत्तर यांच्यामध्ये ठरावीक विराम पाळावा लागतो. डॉसच्या काळातील अनेक प्रोग्रॅम हा विराम मोजण्यासाठी संगणकास निरर्थक आवर्तने करावयास लावीत. संगणक वेगवान झाला की तीच आवर्तने लवकर संपत, विराम आखूड होई, आणि संच उत्तर देण्यापूर्वीच प्रोग्रॅम निराश होऊन थांबे. बोर्लंडच्या पास्कल भाषेत लिहिलेल्या कित्येक प्रोग्रॅमांत आणखी एक गंमत होती. सुमारे ५५ मिलिसेकंदांत किती आवर्तने होतात हे ते आरंभीच मोजीत व त्यांस ५५ ने भागीत. हा भागाकार ६५,५३५ हून मोठा झाला की तो ठरविलेल्या जागेत मावत नसे. सुमारे २०० मेगाहर्ट्‌झहून वेगवान संगणक आले तेव्हा असे प्रोग्रॅम ‘त्रुटी २००’ असे सांगून उघडताक्षणीच बंद पडू लागले. यंत्राची प्रगती हीच येथे अडथळा ठरली.

तिसरी अडचण मार्गाची. आजच्या बहुतेक संगणकांस सीरियल पोर्ट नसते. त्याऐवजी यूएसबी असते. जुना प्रोग्रॅम सीरियल पोर्टच्या मंडलाशी थेट व्यवहार करतो, तर नव्या प्रणाली तशी मोकळीक देत नाहीत. चौसष्ट बिटांच्या विंडोज प्रणालीत तर डॉसचे प्रोग्रॅम मुळातच चालत नाहीत.

उपाय व पथ्ये

यांवर तीन प्रकारचे उपाय योजले जातात. पहिला, सीरियल पोर्ट असलेला जुना संगणक याच कामासाठी जपून ठेवणे. दुसरा, ‘डॉसबॉक्स’सारख्या प्रोग्रॅमने नव्या संगणकात जुन्या संगणकाची प्रतिकृती उभी करणे. तिचा वेग हवा तितका मंद करता येतो, आणि यूएसबीवरून सीरियल संदेश पाठविणारी जोडतारही तिला जोडता येते. मात्र यूएसबीत माहिती तुकड्यातुकड्यांनी जात असल्याने थोडा विलंब होतो व काही संच तो सहन करीत नाहीत. तिसरा उपाय म्हणजे ‘चर्प’सारखा नवा मुक्त प्रोग्रॅम वापरणे. तो पुष्कळ हौशी संच जाणतो, परंतु सर्व नव्हे.

उपाय कोणताही असो, एक क्रम मोडता कामा नये. प्रथम संचातील सर्व नोंदी वाचून त्यांची प्रत जतन करावी. ती पुन्हा एकदा वाचून दोन्ही प्रती जुळतात की नाही हे पाहावे. जुळल्या तरच बदल करावा. लेखन चालू असता वीज वा तार तुटू देऊ नये. अर्धवट लिहिलेल्या स्मृतीचा संच सुरूच होत नाही, असे घडू शकते. अखेरीस, लिहिलेले पुन्हा वाचून पाहावे.

कंप्रता निवडणे ही मात्र केवळ तांत्रिक बाब नव्हे. भाजकातील एक अंक चुकला तर आपला आवाज विमानतळाच्या वा पोलिसांच्या वाहिनीवर जाऊन एखादा निकडीचा संदेश दडपून टाकू शकतो. म्हणूनच भारतात बिनतारी संच बाळगण्यास व चालविण्यास शासनाची अनुज्ञा लागते. हौशी बिनतारी चालकांस परीक्षा द्यावी लागते, व १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा त्यांस मोकळा आहे.

संच जतन करावयाचा तर केवळ पेटी जपून भागत नाही. तिच्यासोबत जोडतार, माहितीपुस्तिका, मूळ प्रोग्रॅम आणि नोंदींची प्रत ही चारही एकत्र ठेवावी लागतात. त्यांतील एखादे हरवले, तर धडधाकट यंत्रही आपले काम करीत नाही.