पोरगा जहाजावर निघालाय? मग चाच्यांपासूनची राखण समजून घ्या

आपल्या मुळशीला समुद्र नाही. ताम्हिणी घाट उतरून कोकणात गेल्याशिवाय खारं पाणी दिसत नाही. पण तळेगावजवळ इंदुरीला आणि हवेलीत लोणी काळभोरला जहाजावरच्या नोकरीचं शिक्षण देणाऱ्या संस्था आहेत. पगार चांगला, म्हणून शेतकऱ्याची पोरंही त्या वाटेला लागतात. तेव्हा शेतकरी बंधूंनो, फी भरताना आणखी एक गोष्ट विचारा. ज्या खाजगी जहाजावर पोरगा चढणार, त्याची चाच्यांपासून राखण मालक कशी करतो?

तुम्ही म्हणाल, चाचे आता कुठले? इंग्रजांनी आपल्या कान्होजी आंग्र्यांना चाचे म्हटलं, पण ते मराठी दौलतीचे सरखेल होते. आजचे चाचे निव्वळ खंडणीखोर. सोमालियाच्या चाच्यांनी सप्टेंबर २०१० मध्ये 'अस्फाल्ट व्हेंचर' हे मुंबईतून चालवलं जाणारं जहाज धरलं. एप्रिल २०११ मध्ये खंडणी पोचली, जहाज सुटलं. पण आपल्या आरमाराने चाचे पकडले होते, त्याचा राग धरून सात भारतीय खलाशी ठेवून घेतले. ते सुटले ऑक्टोबर २०१४ मध्ये. चार वर्षं घरच्यांनी कशी काढली असतील, विचार करा.

राखण कशी असते?

भातखाचरात रानडुक्कर शिरू नये म्हणून आपण काय करतो? कुंपण घालतो, माळ्यावर जागतो, चाहूल लागली की हाकारे देतो. जहाजाचंही तेच. चाचे लहान, वेगवान होड्यांतून येतात आणि शिडी लावून वर चढतात. म्हणून जहाज संथ असेल आणि त्याचा काठ पाण्यापासून बुटका असेल, तर धोका जास्त. अशा भागात कप्तान वेग वाढवतो, पहाऱ्यावर जादा माणसं ठेवतो. काठावरून पात्यांच्या काटेरी तारेची वेटोळी लावतात. पाण्याचे जोरदार फवारे बाहेरच्या बाजूला सोडून ठेवतात. निघण्याआधीच आरमारी केंद्रांना वाट कळवून ठेवतात.

एवढं करूनही चाचे चढले, तर शेवटचा आसरा म्हणजे आतून बंद होणारी मजबूत खोली. दर्यावर्दी तिला सिटाडेल म्हणतात. जानेवारी २०२४ मध्ये सोमालियाजवळ 'लीला नॉरफोक' जहाजावर हत्यारबंद माणसं चढली. २१ खलाशी, त्यातले १५ भारतीय, या खोलीत जाऊन बसले. 'आयएनएस चेन्नई' आली, आपले मार्कोस कमांडो चढले, तोवर चाचे पळालेले. सगळे सुखरूप निघाले. खोलीत अन्न, पाणी आणि बाहेर संदेश पाठवण्याचं साधन असलं, तरच ती कामाची. नाहीतर उंदराचा पिंजरा.

काही मालक बंदूकधारी पहारेकरी ठेवतात. त्याचा उपयोग होतो, पण बंदूक दोन्हीकडून घातकी. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी 'एनरिका लेक्सी' या इटालियन तेलवाहू जहाजावरच्या पहाऱ्याने केरळच्या किनाऱ्याजवळ दोन भारतीय मच्छीमारांना चाचे समजून गोळ्या घातल्या. गरिबाची होडी आणि चाच्याची होडी लांबून सारखीच दिसते. म्हणून आधी कुंपण आणि जाग, बंदूक शेवटी.

आरमार मदतीला येतंच. मार्च २०२४ मध्ये 'आयएनएस कोलकाता'ने 'रुएन' जहाज सोडवून ३५ चाचे मुंबईत आणले. २०२२ साली संसदेने चाचेगिरीविरुद्ध स्वतंत्र कायदाही केला. त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, आणि कुणाचा जीव गेला तर फाशीचीही तरतूद आहे. पण 'रुएन' धरलं गेलं डिसेंबर २०२३ मध्ये. सुटायला तीन महिने गेले. मधले दिवस खलाशांनाच काढावे लागतात.

सही करण्याआधी

करारावर सही करण्याआधी पोराला चार गोष्टी विचारायला लावा. भरती करणाऱ्या एजंटाकडे केंद्राच्या नौवहन खात्याचा परवाना आहे का? नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घ्यायला त्याला मनाई आहे. जो लाखाची बोली करतो, त्याच्यापासून लांब राहा. जहाज सोमालिया, एडन किंवा पश्चिम आफ्रिकेच्या वाटेने जाणार का? जाणार असेल तर तार, पहारा, खोली यांची तजवीज काय? आणि चाच्यांनी धरलं तर पगार चालू राहील, हे करारात लिहिलंय का? आंतरराष्ट्रीय नियमानुसार डिसेंबर २०२० पासून तो चालू राहिला पाहिजे. कराराची एक प्रत घरी ठेवा.

सरपंच आणि पोलीस पाटलांनीही लक्ष घालावं. जहाजाची नोकरी देतो म्हणून कुणी गावात फिरत असेल, तर त्याचा परवाना आधी पाहावा. संशय आला तर पौड ठाण्याला कळवावं.

पोरांना अडवू नका. दर्यावर मर्दानं जावं, पण राखण आहे की नाही हे पाहून जावं. खळ्यावरच्या राशीला आपण राखणदार ठेवतो. पोटच्या पोराच्या बाबतीत तेवढी चौकशी तरी करायलाच हवी.