मिश्रीची डबी, मिस्वाक आणि मुलांचे दात

शाळेत सरकारी आरोग्य पथकाकडून मुलांची तपासणी होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यात हृदय, डोळे, कान यांच्यासोबत दातही पाहिले जातात. तपासणीनंतर ज्यांना पुढील उपचार हवेत त्यांच्या नावाची चिठ्ठी आम्ही घरी पाठवतो. डोळ्यांची चिठ्ठी मिळाली की पालक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी विचारायला येतात. दातांची चिठ्ठी मात्र दप्तरातच राहते. एखाद्या आईला गाठून विचारले, तर उत्तर ठरलेले असते : "टीचर, दुधाचेच तर दात आहेत, पडणारच आहेत."

या एका वाक्यामुळे आपल्या घरांतील मुलांचे मोठे नुकसान होत आहे.

दुधाचे दात म्हणजे पाहुणे नव्हेत

दुधाचे दात वीस असतात. पुढचे दात सहा-सात वर्षांच्या सुमारास पडतात हे खरे, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. म्हणजे पाचव्या-सहाव्या इयत्तेपर्यंत मूल याच दाढांनी जेवते. दाढ किडली की मूल एका बाजूने चावते, भाकरी टाळते, बिस्किट चहात बुडवून गिळते. रात्री दुखण्याने झोप होत नाही आणि सकाळी वर्गात लक्ष लागत नाही. आम्हाला ते मूल 'मंद' वाटते. दाढ वेळेआधी काढावी लागली, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खाली वाढणाऱ्या कायमच्या दाताला जागा उरत नाही.

आणखी एक गोष्ट प्रत्येक आईने ध्यानात ठेवावी. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या सगळ्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. ती येताना कोणताच दात पडत नाही, म्हणून ती दुधाचीच समजली जाते. ती असते कायमची. तिच्या खोल खाचांत अन्न अडकते आणि दोन-तीन वर्षांत ती किडते. मग आयुष्यभराची दाढ आठव्या-नवव्या वर्षीच काढण्याची वेळ येते. मूल पहिलीत गेले की महिन्यातून एकदा उजेडात त्याचे तोंड उघडून ही दाढ पाहा. काळा ठिपका दिसला तर दुखण्याची वाट पाहू नका.

कीड लागते कशी?

दातात खरीखुरी कीड, अळी वगैरे काही नसते. दातांवर जंतूंचा एक चिकट थर साचतो. आपण गोड किंवा पिठूळ खातो, तेव्हा हे जंतू त्यातील साखरेपासून आम्ल तयार करतात. आम्लाने दाताचे वरचे कवच झिजते. हे कवच शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे, पण एकदा पोकळी पडली की ती भरून येत नाही. लाळ या आम्लाचा जोर कमी करते. मात्र त्याला साधारण अर्धा तास लागतो. म्हणून दिवसभरात किती साखर खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली, हे महत्त्वाचे. जेवणानंतर एक गुलाबजाम खाणारे मूल आणि दिवसभर चॉकलेट चघळणारे मूल, यांत दुसऱ्याचे दात आधी जातात. तान्ह्या बाळाच्या तोंडात रात्रभर साखर घातलेल्या दुधाची बाटली ठेवणेही असेच घातक आहे.

वुजू, मिस्वाक आणि ब्रश

आपल्या घरांत दातांची स्वच्छता हा केवळ आरोग्याचा विषय नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मिस्वाकवर किती भर दिला हे आपण जाणतो. घरात प्रवेश करताच ते प्रथम मिस्वाक करीत, असे हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसमधून कळते. घरच्या माणसांशी बोलण्याआधी तोंड स्वच्छ असावे, हा केवढा सुंदर संस्कार!

मिस्वाक साधारणतः पीलूच्या झाडाच्या मुळाची किंवा फांदीची असते. तिच्या रसात जंतूंना रोखणारी द्रव्ये असतात, हे आधुनिक संशोधनातही आढळले आहे. पण मिस्वाक नीट वापरली तरच फायदा. ती ताजी, ओलसर असावी. सुकली असेल तर थोडा वेळ पाण्यात ठेवावी. टोकाची अर्धा इंच साल काढून, चावून कुंचला करावा. हिरडीकडून दाताच्या टोकाकडे हळू फिरवावा. आडवे जोरजोरात घासले तर हिरड्या सरकतात. दातांच्या आतल्या बाजूलाही फिरवावा. टोक झिजले की कापून नवा कुंचला करावा.

मिस्वाक आहे मग ब्रश कशाला, आणि ब्रश आहे मग मिस्वाक कशाला, असे दोन्ही प्रश्न ऐकू येतात. दोन्ही ठेवण्यात अडचण काय? दिवसा वुजूच्या वेळी मिस्वाक आणि रात्री इशानंतर, झोपण्यापूर्वी फ्लोराइडच्या पेस्टने ब्रश, अशी सोय घरात सहज बसते. मिस्वाकचा कुंचला मागच्या दाढांच्या आतल्या बाजूला पोहोचणे कठीण जाते, तिथे ब्रश पोहोचतो. फ्लोराइड दाताचे कवच बळकट करते. सकाळी एकदा आणि रात्री एकदा, दोन-दोन मिनिटे, एवढे पुरे. यांतली रात्रीची वेळ चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी होते आणि जंतूंना रान मोकळे मिळते.

वुजूत तीन वेळा चुळा भरतो, मग दात स्वच्छ झालेच, असे समजू नये. चुळेने अन्नाचे कण निघतात. चिकट थर घासल्याशिवाय निघत नाही.

पेस्ट तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी द्यावी. ती गिळू देऊ नये. सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचा ब्रश मोठ्यांनी आपल्या हाताने करून द्यावा. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या पालकांनी पेस्टबाबत दंतवैद्याचा सल्ला घ्यावा. राख, कोळसा किंवा खरखरीत मंजनाने दात पांढरे दिसले तरी कवच घासले जाते.

रमजानमध्ये सेहरीचे खाणे आटोपताच, वेळ संपण्याआधी ब्रश करावा आणि तरावीहनंतर झोपताना पुन्हा करावा. रोज्यात मिस्वाक कधी करावी याबाबत हनफी आणि शाफई मतांत थोडा फरक आहे; आपल्या आलिमांना विचारून घ्यावे.

ती काळी डबी

आता भगिनींशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे. तवा तापवून, तंबाखू काळी होईपर्यंत भाजून, वाटून डबीत भरून ठेवलेली मिश्री आजही अनेक घरांत आहे. दादी लावते, अम्मी लावते आणि दुकानातून तंबाखूची पुडी आणायला पाठवतात कोणाला, तर घरातल्या मुलीला. आठवी-नववीतल्या मुलीच्या दातांच्या कडा काळ्या दिसल्या की डबी तिच्यापर्यंत पोहोचली, हे आम्हा शिक्षिकांना लगेच कळते.

"मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही", "दाढ दुखायची थांबते", "दात घट्ट राहतात" अशी कारणे सांगितली जातात. पोट साफ होते ते निकोटीनमुळे, आणि शरीराला त्याची सवय लागल्यामुळे. दाढेचे दुखणे थोडा वेळ बधिर होते, आत कीड वाढतच राहते. हिरड्या मात्र खाली सरकतात. मिश्री म्हणजे तंबाखूच, आणि तोंडात धरल्या जाणाऱ्या तंबाखूने कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे. गरोदरपणी ती लावली तर बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. सिगारेट ओढणाऱ्या मुलाला आपण घराबाहेर काढू म्हणतो. मिश्रीला मात्र दात घासणे म्हणतो.

पुरुषांचेही तसेच. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारी आणि खर्रा सुटलेला नाही. स्वतःच एक तपासणी करा : तोंड पूर्ण उघडून तीन बोटे एकावर एक उभी आत जातात का पाहा. जात नसतील, तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीलाच सापडलेला आजार बरा होऊ शकतो.

मिश्री सोडायची तर पहिले काही दिवस चिडचिड होईल, डोके दुखेल, पोटाची तक्रार राहील. सकाळी कोमट पाणी, जेवणात भाजी आणि फळे, हाताशी बडीशेप ठेवा. १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी सल्ला मिळतो. आणि सुनेने सासूला टोमणे मारून डबी सुटत नसते. सगळ्या घराने मिळून सोबत दिली पाहिजे.

हिरड्यांतून रक्त आणि साखर

ब्रश करताना रक्त आले की लोक घासणेच थांबवतात. बहुतेक वेळा रक्त येते ते हिरडीलगत थर साचल्यामुळे. मऊ ब्रशने हलक्या हाताने घासत राहावे. आठ-दहा दिवसांत फरक पडला नाही तर दाखवावे. मधुमेह असलेल्यांनी तर विशेष जपावे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात ठेवणे अवघड होते.

सरकारी जिल्हा रुग्णालयांत दंतवैद्य असतात आणि खर्चही फारसा येत नाही. लहान खड्डा भरून घेणे हे दाढ काढून कवळी बसवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. तेव्हा या महिन्यात एवढे करा : मुलांची दप्तरे उघडा, शाळेची चिठ्ठी आहे का पाहा, आणि पहिलीतल्या मुलाची ती मागची दाढ उजेडात एकदा नीट बघा.