धुराचा हिशेब (भाग ६) : कारखाना सणसवाडीत, धूर शिवारात

गेल्या आठवड्यात कारखान्याचं वीजबिल उलगडलं. ते काम तसं सोपं होतं. मीटर असतो, युनिट असतात. आपल्या मुख्यतः कोळशावर चालणाऱ्या ग्रिडच्या विजेला युनिटमागे सरासरी साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला की गुणाकार संपला. आज गेटबाहेर पडू.

पुणे-नगर रस्त्यावर सणसवाडीला जॉन डीअरचे हिरवे, पिवळ्या चाकांचे ट्रॅक्टर तयार होतात. १९९८ मध्ये एल अँड टीच्या भागीदारीत सुरू झालेली ही कंपनी २००५ पासून पूर्णपणे अमेरिकी मालकीची आहे. २०२१ हे वर्ष पायाभूत धरून २०३० पर्यंत स्वतःच्या कारखान्यांचं उत्सर्जन निम्म्यावर आणायचं, असं मूळ कंपनीने २०२२ मध्ये जाहीर केलं. खरी गोम मात्र शेजारच्या दुसऱ्या उद्दिष्टात आहे: पुरवठादारांकडचं आणि विकलेल्या यंत्रांचं उत्सर्जन ३० टक्क्यांनी घटवायचं. हिशेबाच्या भाषेत हा 'स्कोप ३'.

तो केवढा? कागद-पेन्सिल घ्या. लिटरभर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. (डिझेलचं वजन किलोलाही कमी, मग एवढा कुठून? वाढीव वजन हवेतल्या ऑक्सिजनचं.) समजा, ४५ एचपीचा ट्रॅक्टर ताशी ४ लिटर पितो आणि वर्षाला ६०० तास चालतो. झाले २,४०० लिटर, म्हणजे साडेसहा टन कार्बन डायऑक्साइड. दहा वर्षांचे ६५ टन. आता ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन दोन टनांच्या आसपास. त्याचं पोलाद बनवताना टनामागे अडीच टन धरले तरी पाचच. पोलादाचा सगळा हिशेब शेतात पहिलं वर्ष सरायच्या आतच मागे पडतो.

पण दहाच वर्षं का? आपल्याकडे ट्रॅक्टर इतक्या लवकर मोडीत जातो कुठे! इंजिनचं काम करून तो तिसऱ्या मालकाकडे पाण्याचा टँकर ओढत असतो. कंपनीला मात्र आयुष्य आणि तास गृहीत धरावेच लागतात, कारण नियम असा, की यंत्र आयुष्यभरात जेवढा धूर सोडेल तेवढा सगळा विक्रीच्याच वर्षाच्या खाती मांडायचा. याची गंमत बघा. पाऊस दडी मारतो, ट्रॅक्टर खपत नाहीत, आणि कंपनीचं उत्सर्जन 'घटतं'. कुणी काहीच केलेलं नसतं! म्हणून टक्केवारी दिसली की आधी विचारावं: घट एकूण उत्सर्जनातली, की दर यंत्रामागची?

आणखी एक घोळ इथेच निस्तरू. जानेवारी २०२३ पासून ५० एचपीवरच्या ट्रॅक्टरना लागू झालेले 'ट्रेम ४' निकष काजळी आणि नायट्रोजन ऑक्साइडसाठी आहेत. सायलेन्सरमधून काळा लोट दिसेनासा झाला म्हणून कार्बन डायऑक्साइड कमी झाला असं नाही. त्याला रंगच नसतो. तो घटतो डिझेल कमी जळलं तरच. आणि डिझेल किती जळणार, हे काळ्या रानात पलटी नांगर किती खोल घातला, चाक किती घसरलं, एअर फिल्टर कधी साफ केला, यावरही ठरतं. एकरी दराने नांगरट करणारा ट्रॅक्टरवाला हा हिशेब रोज करतो, फक्त टनात नव्हे, रुपयांत.

पुढच्या आठवड्यात : बॅटरीवरचा ट्रॅक्टर आणि रात्री येणारी शेतीची वीज.