राणीच्या बागेला जायचे, पण सगळ्यांनी!

मैत्रिणींनो, दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून एकच विषय रंगू लागतो. सहल कुठे न्यायची? आमचे दीपनगर म्हणजे औष्णिक वीज केंद्राची वसाहत. आजूबाजूला शेते, खेडी आणि जवळच भुसावळ जंक्शन. इथली मुले रोज आगगाड्या पाहतात, पण पाणघोडा मात्र पुस्तकातच! घर सांभाळून मी अर्धवेळ शिकवते, त्यामुळे आई आणि बाई या दोन्ही बाजूंनी सहलीकडे पाहते. प्राणिसंग्रहालयाच्या सहलीची आखणी कशी करावी, ते थोडे सविस्तर सांगते.

कुठे आणि कधी?

पहिली ते चौथीच्या मुलांना फार लांब नेऊच नये. त्यांच्यासाठी तापीवरचे हतनूर धरण आहे. हिवाळ्यात तिथे परदेशी बदके आणि पाणपक्षी उतरतात. सकाळी निघून दुपारी घरी! मात्र पाण्याच्या कडेला मुलांना मोकळे सोडू नका. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले 14 विद्यार्थी बुडाले. ती मुले तर मोठी होती, हे विसरून चालणार नाही.

पाचवीच्या पुढच्या मुलांसाठी मुंबईची राणीची बाग, म्हणजे भायखळ्याचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, उत्तम. अंतर साधारण साडेचारशे किलोमीटर. बसचा रात्रीचा प्रवास टाळावा. रेल्वेने मुलांना आडवे होता येते आणि स्वच्छतागृहाचीही सोय असते. डिसेंबर-जानेवारी हेच दिवस चांगले. आपल्याकडच्या उन्हाळ्याचे नावच नको!

बाग बुधवारी बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर ती उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात. म्हणून तारीख ठरवण्याआधी फोन करून खात्री करा, तिकिटाचे दरही विचारा. रेल्वेचे आरक्षण आता 60 दिवस आधीच मिळते. एकगठ्ठा जागांसाठी आणि विद्यार्थी-सवलतीसाठी मुख्याध्यापकांच्या सहीचा अर्ज लागतो. भुसावळला रेल्वेचे विभागीय कार्यालयच असल्याने चौकशी सोपी जाते. शिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी आणि पालकांची संमतिपत्रे हाती आल्याशिवाय पैसे भरू नका.

दादर ते भायखळा लोकलने जेमतेम चार स्थानके. पण सकाळच्या गर्दीत चाळीस मुले लोकलमध्ये चढवण्याचा विचारही करू नका. दादरहून एक बस आधीच ठरवून ठेवा. गाडी पहाटे पोचते आणि बाग साडेनऊला उघडते. मधल्या वेळात तोंड धुणे, नाश्ता कुठे होणार, हेही आधी ठरलेले हवे. एखाद्या ओळखीच्या शाळेचा वर्ग दोन तासांसाठी मागून घेतला तर फार बरे पडते.

पैशांचे काय?

खरी अडचण इथेच असते. वसाहतीतल्या मुलांच्या घरी महिन्याचा पगार ठरलेला. पण त्याच बाकावर कंत्राटी मजुराचे, शेतमजुराचे मूल बसते. सहलीचा आकडा एकदम समोर आला की ते मूल घरी विचारतसुद्धा नाही. 'मला नाही आवडत सहल,' असे आपल्यालाच सांगते. कळते ना त्याचा अर्थ?

यावर उपाय म्हणजे जूनपासूनच महिन्याला थोडे थोडे जमा करणे. हप्त्यांची वही बाईंजवळच राहावी. कोणी भरले, कोणी नाही, याची नावे वर्गात कधीही वाचून दाखवू नयेत. आम्ही आया मिळून चिवडा-चकल्या करून विकतो आणि ते पैसे सहलीच्या पेटीत टाकतो. कोणत्या मुलासाठी किती काढले, हे फक्त दोघींनाच ठाऊक असते. मुलाला ते कळता कामा नये.

मुलींना पाठवायचे?

"बाई, पोरीले एवढ्या दूर धाडू कशी?" असे एका आईने मला विचारले. प्रश्न रास्त आहे, त्यावर रागावू नये. पालकांची सभा घ्या. गाडी कोणती, परत कधी, सोबत कोणत्या बाई, हे सगळे कागदावर लिहून द्या. दर दहा मुलांमागे एक मोठे माणूस हवेच. त्यात दोन-तीन आयांना सोबत घेतले की बाकीच्यांची धास्ती कमी होते. त्या काळजी करणाऱ्या आईलाच विचारून पाहा, "तुम्ही येता का आमच्यासोबत?"

आणखी एक गोष्ट, जी आपण उगाच कुजबुजत बोलतो. सहावी-सातवीच्या काही मुली पाळीच्या भीतीने नाव देत नाहीत. बाईंच्या पिशवीत पॅड, जुने वर्तमानपत्र आणि एक जादा सलवार असावी. आणि ती आहे, हे मुलींना आधीच सांगून ठेवावे. एवढ्याशा गोष्टीने किती मुलींची सहल वाचते!

डबा आणि पिशवी

दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी चटणी, शेंगदाण्याचे लाडू, केळीचे वेफर्स हे सारे टिकते. दही, रस्सा, ओल्या खोबऱ्याची चटणी नको. गाडी लागणाऱ्या मुलाला आलेपाक द्यावा. मुलाचे नाव आणि फोन नंबर असलेली चिठ्ठी खिशाच्या आत शिवा, गळ्यात टांगू नका.

बागेत काय पाहावे?

ही बाग 1862 साली लोकांसाठी खुली झाली. नुसते धावत सगळे पिंजरे पाहिले, तर मुलांना शेवटी आइस्क्रीमच आठवते. त्यापेक्षा दहा-दहांचे गट करा आणि प्रत्येक गटाला पाचच प्राणी नेमून द्या. पाणघोड्याचे डोळे, कान आणि नाकपुड्या डोक्यावर इतक्या वर का? पाण्यात बुडून राहूनही त्याला पाहता, ऐकता आणि श्वास घेता यावा म्हणून! पण हे आपण सांगू नका, मुलांनाच शोधू द्या.

2016 साली इथे दक्षिण कोरियातल्या सोलहून हम्बोल्ट पेंग्विन आणले. ही जात मूळची पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरची. तिथला समुद्रप्रवाह थंड असतो, म्हणून मुंबईत त्यांचे दालन यंत्राने थंड ठेवावे लागते. त्याला वीज किती लागत असेल, हा प्रश्न दीपनगरच्या मुलांइतका आपुलकीने कोण विचारणार? बागेतले जुने वृक्षही दाखवा. शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती आहे.

प्राण्यांना खाऊ टाकणे, दगड मारणे, ओरडून त्रास देणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे घरूनच समजावून न्या.

एखादे मूल विचारेल, "बाई, वाघाला कोंडून का ठेवलंय?" हा प्रश्न टाळू नका. काही प्राणी संग्रहालयातच जन्मलेले असतात, त्यांना जंगलात सोडले तर शिकार करता येत नाही, हे सांगा. प्राण्यांना नीट ठेवतात की नाही हे पाहण्यासाठी 1992 साली केंद्रीय प्राधिकरण नेमले, हेही सांगा. आणि मग सांगा, की मोकळा वाघ आपल्याच जिल्ह्यात, मुक्ताईनगर तालुक्यातल्या वढोद्याच्या जंगलात राहतो. सातपुड्याच्या कुशीत 1969 पासून यावलचे अभयारण्य आहे. ते जंगल राखले, तर वाघ पाहायला पिंजऱ्याशी जावे लागणार नाही.

परत आल्यावर निबंध लिहायला लावू नका, बाई! चित्र काढू दे, गप्पा मारू दे. आणि सहलीची यादी पक्की करण्याआधी एकदा हजेरीपट शेजारी ठेवून पाहा. जी नावे यादीत नाहीत, त्यांच्या घरी एक चक्कर मारा. सहलीच्या तयारीतले सर्वांत मोठे काम तेच आहे.